कल्पित जगांचे खरेखुरे वाद

जे कधी घडले नाही, घडण्याचा संभवही नाही आणि ज्याच्या घडण्या-न घडण्याने कोणाच्या संसारात तिळमात्र फरक पडणार नाही, अशा गोष्टींवरून शहाणीसुरती माणसे तासन्‌तास वाद घालतात, हे प्रथमदर्शनी मोठे चमत्कारिक वाटते. विज्ञानकथा, अद्भुतरम्य कादंबऱ्या आणि त्यांच्यावर आधारलेले चित्रपट व दूरचित्रवाणीवरील मालिका यांच्या चाहत्यांत मात्र असा वाद हा रसास्वादाचा निम्मा भाग मानला जातो. पुस्तक वाचून मिटले की त्यांचे वाचन संपत नाही. तेथून ते सुरू होते. अमुक ग्रहावर माणसाला श्वास घेता येईल काय, तमुक राजाने ती अंगठी का नाकारली, चित्रपटात तो प्रसंग का गाळला, अशा प्रश्नांचा कीस काढण्यात कित्येकांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली आहेत.

थोडा विचार केला म्हणजे ह्यात नवल करण्यासारखे फारसे उरत नाही. रोज रात्री तीच गोष्ट ऐकणारे नातवंड, आजीने राक्षसाचा एखादा डोळा कमी केला की तिला तत्काळ अडविते. राक्षस नसतो हे त्याला कळत नाही असे नव्हे. परंतु गोष्टीत एकदा जे ठरले ते ठरले, सांगणाऱ्यालासुद्धा ते मोडता येणार नाही, अशी त्याची निष्ठा असते. प्रौढ चाहत्यांच्या वादाचे मूळ ह्याच निष्ठेत आहे. कल्पित जगालाही नियम असतात, आणि ते नियम पाळले जातात की नाही हे पाहण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला आहे, ह्या श्रद्धेवर हे सारे वाद उभे आहेत.

ह्या वादांना संघटित रूप कसे आले, हा इतिहास बोधप्रद आहे. लक्झेंबर्गमध्ये १८८४ साली जन्मलेले ह्यूगो गर्न्सबॅक विशीतच अमेरिकेत गेले. नभोवाणीच्या तंत्राचे ते उत्साही प्रचारक होते. १९२६ च्या एप्रिल महिन्यात त्यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले. पुढच्याच वर्षी त्यात वाचकांच्या पत्रांसाठी स्वतंत्र सदर सुरू झाले. त्या सदरातील एक साधी प्रथा फार परिणामकारक ठरली. पत्रलेखकाच्या नावाखाली त्याचा पूर्ण पत्ता छापला जात असे. एका गावातील तरुणाने एखाद्या कथेतील यंत्राची चूक दाखवावी, दुसऱ्या गावातील वाचकाने तिला उत्तर द्यावे, आणि पुढे मासिकाला मध्यस्थ न करता दोघांनी थेट पत्रव्यवहार सुरू करावा, असे होऊ लागले. जे एकाकीपणे वाचीत होते त्यांना आपल्यासारखे आणखी आहेत हे कळले. त्यांतून मंडळे निघाली. १९३० साली शिकागो येथील पत्रव्यवहार-मंडळाने ‘द कॉमेट’ नावाचे चक्रमुद्रित पत्र काढले. चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेल्या नियतकालिकांत त्याला सामान्यतः पहिला मान दिला जातो. १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्क येथे पहिले जागतिक विज्ञानकथा-संमेलन भरले, त्याला सुमारे दोनशे माणसे जमली. १९५३ पासून ह्या संमेलनात गर्न्सबॅक यांच्या नावाने ओळखली जाणारी पारितोषिके देण्याचा उपक्रम सुरू झाला. १९५४ चा अपवाद सोडला तर ती आजतागायत दिली जात आहेत आणि त्यांचा निर्णय पंडितांची समिती करीत नाही. संमेलनाचे सभासद असलेले वाचक मते देऊन करतात. वाचक येथे न्यायासनावर बसला तो असा.

ह्या न्यायासनापुढे येणारे खटले पाहू गेले तर त्यांचे तीन-चार प्रकार सहज दिसतात. पहिला प्रकार निखळ शास्त्रीय चुकांचा. लॅरी निव्हन या अमेरिकन लेखकाची ‘रिंगवर्ल्ड’ ही कादंबरी १९७० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील कल्पना भव्य आहे. एका ताऱ्याभोवती, पृथ्वी सूर्यापासून आहे साधारण तितक्याच अंतरावर, एक अखंड कडे उभारलेले आहे. त्याची रुंदी सुमारे सोळा लक्ष किलोमीटर असून त्याच्या आतील पृष्ठभागावर डोंगर, समुद्र आणि वस्ती आहे. कडे सेकंदाला बाराशे किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असल्यामुळे आतील माणसांना पृथ्वीवरच्यासारखे वजन भासते. कादंबरीला मोठी कीर्ती मिळाली, पारितोषिकही मिळाले. परंतु वाचकांनी तिला तपासणीतून सूट दिली नाही.

पहिल्या आवृत्तीत कादंबरीचा नायक आपला वाढदिवस लांबविण्यासाठी क्षणार्धात एका शहरातून दुसऱ्या शहरात जात राहतो. पण तो जातो पूर्वेकडे. मध्यरात्र पृथ्वीवरून पश्चिमेकडे सरकत असते. तेव्हा तिला चुकवायचे तर पश्चिमेकडे पळावयास हवे. लेखकाने पृथ्वी उलटी फिरविली, असा वाचकांनी निकाल दिला आणि पुढील आवृत्तीत दिशा सुधारावी लागली.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता. १९७१ साली बोस्टन येथील जागतिक संमेलनात मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र-संस्थेतील विद्यार्थ्यांनी चक्क घोषणाच दिल्या, की हे कडे अस्थिर आहे. त्यांचे म्हणणे समजण्यास सोपे आहे. तारा कड्याच्या अचूक मध्यावर असेल तोवर चहूबाजूंची ओढ सारखी राहून तोल सांभाळला जातो. परंतु काही कारणाने कडे किंचित एका बाजूस सरकले, तर ताऱ्याच्या जवळ आलेला भाग अधिक जोराने ओढला जातो, त्यामुळे तो आणखी जवळ येतो, ओढ आणखी वाढते, आणि अखेर कडे ताऱ्यावर जाऊन आदळते. टोकावर उभ्या केलेल्या सुईसारखी ही अवस्था. सुई उभी राहू शकते हे गणिताने खरे. पण वाऱ्याची झुळूक आली की ती पडणार, हेही गणितानेच खरे. हा सिद्धान्त नवा नव्हता. शनीची कडी अखंड घन असतील तर ती टिकणार नाहीत, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले होते. शतकापूर्वीचे खगोलगणित एका कादंबरीच्या परीक्षणास उपयोगी पडले!

निव्हन यांनी यावर जे केले ते लेखकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी आक्षेप नाकारला नाही आणि कल्पनेला काय बंधन, अशी सबबही सांगितली नाही. काही वर्षांनी त्यांनी त्या कादंबरीचा उत्तरार्ध लिहिला. त्यात कड्याच्या काठावर तोल सावरणारी प्रचंड यंत्रे होती, परंतु तेथील रहिवाशांनी ती काढून आपल्या यानांना जोडली आणि त्यामुळे कडे आता ताऱ्याकडे ढळू लागले आहे, असे कथानक रचले. वाचकांनी दाखविलेला दोषच नव्या कथेचे बीज झाला. वादाचे याहून सुंदर फळ क्वचितच पाहावयास मिळते.

दुसऱ्या प्रकारचे वाद वरवर शास्त्रीय आणि अंतरी नैतिक असतात. त्यांचे सर्वोत्कृष्ट उदाहरण म्हणजे टॉम गॉडविन यांची १९५४ च्या ऑगस्टमध्ये ‘अस्टाउंडिंग’ मासिकात आलेली ‘द कोल्ड इक्वेशन्स’ ही कथा. एका दूरच्या ग्रहावर सहा माणसे ज्वराने आजारी आहेत. त्यांच्यासाठी औषध घेऊन एक लहानसे यान निघते. त्यात इंधन अगदी मोजून दिलेले आहे. जितके वजन ठरले तितक्याच वजनाला पुरेल एवढे. प्रवासात चालकाच्या ध्यानात येते, की यानात कोणी लपून बसले आहे. ती अठरा वर्षांची मुलगी असते. त्या ग्रहावर काम करणाऱ्या आपल्या भावाला भेटावे, फार तर दंड भरावा लागेल, एवढ्याच निरागस हिशेबाने ती आत शिरलेली असते. नियम असा, की अशा प्रवाशाला यानाबाहेर अवकाशात सोडावे. न सोडले तर वाढलेल्या वजनामुळे यान कोसळणार. मुलगी मरणार, चालक मरणार आणि औषधावाचून ती सहा माणसेही मरणार. भावाशी बिनतारी यंत्रावरून शेवटचे बोलून ती मुलगी मृत्यूला सामोरी जाते.

कथेचा हा शेवट लेखकाला सहजासहजी साधला नाही. मुलीला वाचविण्याची एखादी युक्ती ते शोधीत. संपादक जॉन कॅम्पबेल हस्तलिखित परत पाठवीत. मुलगी मेलीच पाहिजे, असा संपादकांचा आग्रह होता. सृष्टीचे नियम वय पाहत नाहीत, निरागसता पाहत नाहीत, आणि माणसाच्या सदिच्छेने समीकरणातला एक आकडाही बदलत नाही, हे त्यांना वाचकांच्या मनावर ठसवायचे होते.

वाचक हेलावले, आणि लगोलग वादाला उभे राहिले. सात दशके उलटली तरी तो वाद शमलेला नाही. एका पक्षाचे म्हणणे असे, की ही कथा विज्ञानदृष्टीचा कळसच होय. इतर कथांत नायक शेवटच्या क्षणी काही तरी शक्कल काढतो आणि वाचकाची खोटी समजूत पटवितो. येथे तशी फसवणूक नाही. दुसरा पक्ष विचारतो, मुलीला मारले ते खरोखर सृष्टीच्या नियमांनी काय? यानात चार थेंबही जादा इंधन न ठेवण्याचा निर्णय गुरुत्वाकर्षणाने घेतला नव्हता. दाराला कुलूप न लावता नुसती मनाईची पाटी लावण्याचे काम माणसांनीच केले होते. निघण्यापूर्वी यान तपासण्याची तसदी कोणी घेतली नाही, तीही माणसेच. साधा पूल बांधणारा अभियंता अपेक्षित भाराच्या कितीतरी पट भार सोसेल असे तुळयांचे माप धरतो. चूक होणार, वादळ येणार, कोणी तरी वेड्यासारखे वागणार, हे तो गृहीत धरतो. मग ज्या यानावर इतके जीव अवलंबून, त्याला ही सावधगिरी का नको? तेव्हा दोष समीकरणाचा नव्हे, समीकरण मांडणाऱ्याचा आहे. कॅनडात जन्मलेले लेखक कोरी डॉक्टरो यांनी २०१४ साली एका नियतकालिकात हाच मुद्दा नेटाने मांडला. निष्काळजी व्यवस्था आपली जबाबदारी निसर्गाच्या माथी मारते, आणि अशा कथा तिला ती सोय करून देतात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. ह्या कथेला उत्तर म्हणून इतर लेखकांनी निराळ्या शेवटाच्या कथाही लिहिल्या.

हा वाद एका कल्पित मुलीविषयी आहे असे कोण म्हणेल? खाणीत स्फोट होतो, रेल्वेचा अपघात घडतो, धरण फुटते, तेव्हा हाच प्रश्न चौकशी-समितीपुढे येतो: हे अटळ होते, की टाळता येण्यासारखे होते? ‘नाइलाज होता’ हे वाक्य कोणी, कोणत्या जागी बसून उच्चारले? पहिल्या पक्षाच्या बोलण्यातही तथ्य आहेच. कारण एकदा यान उडाल्यावर, त्या घटकेला, चालकापाशी खरोखरच दुसरा मार्ग नव्हता. दोन्ही पक्ष आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत. फरक एवढाच की एक जण घड्याळ यान सुटल्यापासून लावतो, आणि दुसरा यान बांधण्यास घेतल्यापासून. एका छोट्या कथेने हा भेद हजारो वाचकांना स्वतःच्या विचाराने शोधून काढण्यास लावले, हे तिचे यश लहान नाही.

तिसरा प्रकार अद्भुतकथांचा. जेथे जादू आहे, बोलणारे वृक्ष आहेत, तेथे चूक ती कशाला म्हणावी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ साली परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात मिळते. कथाकार एक दुय्यम जग निर्माण करतो, आणि त्या जगाचे नियम आतून सुसंगत असले तरच वाचकाचा विश्वास तेथे टिकतो, असे त्यांचे मत होते. आपल्या पुराणांचेही असेच आहे. वर मिळतो, शाप मिळतो, परंतु एकदा दिलेला शाप देणाऱ्यालाही परत घेता येत नाही. फार तर उःशाप देता येतो. ह्या बंधनामुळेच त्या कथांना गांभीर्य येते.

टॉल्किन यांनी हा नियम स्वतःलाही लावला. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द हॉबिट’ या पुस्तकात गॉलम नावाचा प्राणी कोड्यांच्या पैजेत आपली जादूची अंगठी बक्षीस म्हणून लावतो आणि हरल्यावर ती देण्यास राजीही असतो. पुढे १९५४-५५ साली आलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या महाकथेत ह्याच अंगठीचे स्वरूप भयंकर झाले. ज्याच्या हाती ती पडेल त्याला ती ग्रासते. तिचा त्याग त्याला जवळजवळ अशक्य होतो. मग गॉलम ती खुशीने देईल कसा? टॉल्किन यांनी १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदलले. परंतु जुना मजकूर नाहीसा झाला असे भासविले नाही. अंगठी मिळविणाऱ्या बिल्बोने आपल्या हक्काला बळकटी यावी म्हणून प्रथम खोटी हकीगत सांगितली होती, असा उलगडा त्यांनी कथेतच केला. जुन्या आवृत्तीचे वाचक अशा रीतीने खोटे ठरले नाहीत. त्यांनी फक्त बिल्बोवर विश्वास ठेवला होता!

ह्याच महाकथेवर पीटर जॅक्सन यांनी २००१ ते २००३ या काळात तीन चित्रपट काढले आणि वादाला नवे क्षेत्र मिळाले. ग्रंथात फारामिर नावाच्या योद्ध्याला अंगठीचा पत्ता लागतो, पण तो तिचा मोह धरीत नाही. चित्रपटात मात्र तो प्रथम अंगठी आपल्या पित्याकडे नेण्यास निघतो आणि मागाहून सावरतो. चित्रपटकारांची बाजू अशी, की जी वस्तू सर्वांना भुरळ घालते म्हणून आपण प्रेक्षकांना भिवविले, तिला एकाने सहज झिडकारले तर तिचा दरारा संपेल. ग्रंथनिष्ठ चाहत्यांची बाजू अशी, की मोह अजिंक्य नाही हे सांगण्यासाठीच तर हे पात्र आहे. त्यालाही ढळविले तर मग सद्‌गुणाचा आधार कोठे राहिला? येथेही दोन्ही पक्ष त्या जगाच्या नियमाचाच हवाला देतात. तिसऱ्या चित्रपटाला २००४ साली अकरा ऑस्कर पारितोषिके मिळाली, पण त्यामुळे फारामिरचा खटला निकालात निघाला नाही.

चौथा प्रश्न मालकीचा, आणि तो सर्वांत नाजूक आहे. कथा कोणाची? लिहिणाऱ्याची, पैसे गुंतविणाऱ्याची, की तिच्यावर जीव लावणाऱ्याची? जॉर्ज लुकस यांच्या १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात हान सोलो हा बेदरकार यानचालक आपल्यावर पिस्तूल रोखणाऱ्याला गोळी घालतो. १९९७ साली लुकस यांनी चित्रपटाची सुधारलेली आवृत्ती काढली, तीत प्रतिपक्षी आधी गोळी झाडतो. बदल क्षणभराचा, पण चाहते खवळले. त्यांचा युक्तिवाद विचार करण्याजोगा आहे. स्वार्थी, केवळ स्वतःपुरते पाहणारा हा माणूस पुढे मित्रांसाठी प्राण पणाला लावतो, हा त्याच्या चरित्राचा प्रवास आहे. आरंभीच त्याला आत्मरक्षणाचे निमित्त देऊन सोज्ज्वळ केले, तर त्या प्रवासाचे अंतरच कमी होते. आणखी एक गोष्ट ते निदर्शनास आणतात. १९८८ साली याच लुकस यांनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देऊन जुन्या चित्रपटांत मागाहून फेरफार करण्याला विरोध दर्शविला होता. अर्थात तेथे त्यांचा रोख परक्यांनी केलेल्या फेरफारांवर होता. निर्मात्याचा स्वतःच्या कृतीवरील अधिकार ते मानीतच होते. टॉल्किननीही बदल केला आणि लुकसनीही केला. एकाचा लोकांनी आनंदाने स्वीकारला, दुसऱ्याचा सल राहिला. टॉल्किननी जुन्या आवृत्तीला नव्या कथेत जागा करून दिली होती. लुकसनी नवी आवृत्ती जुनीच्या जागी बसविली.

मालकी नसतानाही चाहते काय करू शकतात, याची दोन उदाहरणे दूरचित्रवाणीच्या क्षेत्रातील आहेत. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. दुसऱ्या वर्षाअखेर ती बंद पडणार अशी वार्ता पसरताच बीजो ट्रिंबल आणि त्यांचे पती जॉन यांनी चाहत्यांना पत्रे लिहिण्याचे आवाहन केले. प्रक्षेपण-कंपनीकडे एक लाखाहून अधिक पत्रे आली. १९६८ च्या मार्चमध्ये कंपनीला मालिका चालू राहणार असल्याचे प्रक्षेपणातूनच जाहीर करावे लागले. मालिका फक्त आणखी एक वर्ष चालली; पण त्यामुळे पुनःप्रक्षेपणास पुरेसे भाग तयार झाले, आणि पुनःप्रक्षेपणांनीच तिला खरी लोकप्रियता मिळवून दिली. १९७६ साली अमेरिकेच्या पहिल्या चाचणी-अवकाशविमानाला ‘एंटरप्राइझ’ हे त्या मालिकेतील यानाचे नाव मिळाले, तेही चाहत्यांच्या पत्रांमुळेच.

दुसरे उदाहरण ब्रिटनचे. ‘डॉक्टर हू’ ही बी.बी.सी.ची मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. त्या काळी ध्वनिचित्रफिती महाग असत, त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. जुन्या कार्यक्रमांना पुढे कोणी विचारील असे संस्थेला वाटले नाही. त्यामुळे आरंभीच्या वर्षांतील कित्येक भागांची चित्रे नष्ट झाली. परंतु ते भाग प्रथम प्रक्षेपित होत असताना काही तरुण चाहते घरच्या ध्वनिमुद्रण-यंत्राचा ध्वनिग्राहक दूरचित्रवाणीसमोर धरून बसत असत. त्यांच्या ह्या छंदामुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे, आणि त्या आवाजावर नवी चित्रे रेखाटून काही भाग पुन्हा उभे करण्यात आले. मालकाने पुसले ते चाहत्याने जपले. प्रक्षेपणाच्या व्यवसायातील प्रत्येकाने मनाशी बाळगावा असा हा धडा आहे.

ह्या साऱ्या वर्णनावरून चाहत्यांचे जग म्हणजे निव्वळ ज्ञानचर्चेचे आश्रम आहेत, असा समज करून घेऊ नये. आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन भेद सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होते तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडण्यासाठी होते ती वितंडा. ह्या जगात तिन्ही नांदतात. १९३९ च्या त्या पहिल्याच संमेलनात, हे लोक राजकीय पत्रके वाटून गोंधळ घालतील अशा भीतीने चालकांनी ‘फ्यूचेरियन’ गटातील सहा तरुणांना दारातच अडविले. त्यांत फ्रेडरिक पोल आणि डोनाल्ड वॉलहाइम होते. पुढे एक नामांकित लेखक-संपादक झाला आणि दुसऱ्याने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. २०१५ साली एका गटाने ठरावीक याद्यांच्या बळावर पारितोषिकांची नामनिर्देशने बव्हंशी व्यापली, तेव्हा सभासदांनी पाच विभागांत कोणालाही पारितोषिक देऊ नये असाच कौल दिला, आणि नामनिर्देशनाचे नियम पुढे बदलण्यात आले. २०२३ सालच्या चीनमधील चेंग्डू येथील संमेलनात काही कृती समाधानकारक कारण न देता अपात्र ठरविल्याचे मतमोजणीच्या आकड्यांवरून दिसून आले आणि मोठा क्षोभ उसळला. मत मोजणाऱ्यावर विश्वास नसेल तर मताला अर्थ उरत नाही, हे जेवढे राष्ट्राला लागू तेवढेच वाचकसभेलाही.

परंतु तीव्र मतभेद सभ्यपणे कसे मांडावेत, याचा आदर्शही ह्याच जगाने घालून दिला आहे. १९६८ साली व्हिएतनामच्या युद्धावरून विज्ञानकथा-लेखकांत उभी फूट पडली होती. त्या वर्षीच्या जूनमध्ये ‘गॅलेक्सी’ मासिकात समोरासमोरच्या पानांवर दोन जाहिराती छापून आल्या. एकीत युद्ध चालू ठेवावे असे म्हणणाऱ्या लेखकांच्या सह्या होत्या, त्यांत रॉबर्ट हाइनलाइन होते. दुसरीत विरोध करणाऱ्यांच्या, त्यांत आयझॅक ॲसिमॉव्ह आणि रे ब्रॅडबरी होते. मासिक उघडणाऱ्याला दोन्ही पाने एकदम दिसत. आणि ही पाने छापणारे संपादक कोण? २९ वर्षांपूर्वी ज्यांना संमेलनाच्या दारातून परत पाठविले होते, तेच फ्रेडरिक पोल.

भारतातही ह्या चर्चेची परंपरा नाही असे नाही. कोलकात्यात अद्रीश बर्धन यांनी १९६३ साली ‘आश्चर्य’ हे विज्ञानकथांचे बंगाली मासिक काढले, आणि १९६६ साली तेथे विज्ञानपटांचे मंडळ निघाले, त्याचे अध्यक्ष सत्यजित राय होते. मराठीत हा वाद मुख्यतः एका प्रश्नाभोवती फिरला: विज्ञानकथा हे वाङ्मय, की कथेच्या वेष्टनात दिलेला शास्त्राचा पाठ? १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. परीक्षकांनी निर्णय दिल्यानंतर कळले, की नावाची आद्याक्षरे उलटी लावून लिहिणारे हे गृहस्थ म्हणजे प्रख्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर होत. कीर्तीचा दबाव न येता कथेची पारख कथा म्हणून व्हावी, एवढीच त्यांची इच्छा होती. नाशिक येथे २०२१ साली भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा त्या जुन्या प्रश्नाला मराठी साहित्यविश्वाने एका परीने उत्तरच दिले. २०२५ च्या मे महिन्यात पुण्यात त्यांचे निधन झाले.

तात्पर्य, चाहत्यांचे हे वाद क्षुल्लक विषयावरचे असले तरी क्षुल्लक नव्हेत. कोणत्याही पदावर नसलेली, ज्यातून कवडीचा लाभ नाही अशा गोष्टीसाठी झटणारी माणसे त्यांत पुराव्याची मागणी करण्यास शिकतात, नियम सर्वांना सारखा लावण्यास शिकतात, आणि जे आवडते त्याचाच दोष सर्वांत आधी दाखविण्याचे धैर्य मिळवितात. उणिवेकडे डोळेझाक करणारे प्रेम अंध असते आणि प्रेमावाचून काढलेली उणीव कोरडी असते. रिंगवर्ल्डच्या तोलाचे गणित मांडणाऱ्या विद्यार्थ्यांत ही दोन्ही एकत्र होती. म्हणूनच त्यांच्या आक्षेपातून दुसरी कादंबरी जन्मास आली. जग कल्पित असले म्हणून त्याविषयीचा प्रामाणिकपणा कल्पित असून चालत नाही. ज्याला नसलेल्या जगातील अन्याय खुपतो आणि त्याचे कारण शोधल्यावाचून ज्याला चैन पडत नाही, त्याला असलेल्या जगातील अन्यायाची कारणे विचारण्याचीही सवय लागते. आणि ती सवय ज्या समाजात रुजते, तेथे ‘नाइलाज होता’ हे उत्तर फार काळ खपत नाही.